वर्तन : उत्तम

वर्धा,
११ ऑगस्ट १९५७

चि. नलू,

आशीर्वाद. चौदाही मुलांचे अहवाल तपासले, माझा भाग भरला आणि आजच मंडळाचे चिटणीस अण्णाजी यांच्याकडे पाठवले. तुझी प्रत सोबत आहे. तिच्यात लाल शाई पुष्कळ दिसेल. रागावू नकोस. रागावलीस तरी शाई तशीच राहील.

तू माझी भाची आहेस म्हणून दोन गोष्टी जास्त सांगते. एका मुलीपुढे तू 'गोड मुलगी' असं लिहिलं होतंस. गोड जिलबी असते. अहवालात मुलगी किती आकडे मोजते ते लिहायचं. दुसऱ्या एकापुढे 'बिचारा' लिहिलंस, तोही शब्द मी काढला. फॉर्मात पाच रकाने आहेत : ग्रहणशक्ती, लक्ष, भाषा, हस्तकौशल्य, वर्तन. जे दिसलं ते रकान्यात लिहायचं; जे वाटलं ते पोटात ठेवायचं. आपण मुंबई राज्यात गेलो तरी फॉर्म जुनाच आहे. चांगला आहे म्हणून टिकला.

तुला हे कठोर वाटेल. पण सिंदीच्या या वर्गात जागा चौदा, आणि मंदगती मुलं दारात अकरा उभी आहेत. ज्याला शिकवून उपयोग नाही त्याची जागा दुसऱ्याला द्यायची, आणि ते मंडळ ठरवतं या कागदावरून. मी एकतीस वर्षं असे कागद लिहिले, मुख्याध्यापिका असताना आणि आता निवृत्तीनंतर परीक्षक म्हणून. एकही परत घेतला नाही.

आता ती कापसाच्या जिनात काम करणाऱ्या प्रेमदासची कांता. नऊ वर्षांची मुलगी, बोबडी बोलते, आकडे बरे येतात. पण मी नाव विचारलं तर माझ्या तोंडाकडे अशी टक लावून राहिली की सिनेमाच चालला आहे. मी बोलायची थांबले तरी नजर हलेना. मोठ्या माणसाकडे असं बघतात का? मी लिहिलं आहे : 'वर्तन : उद्धट. मोठ्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहते. वर्गशिक्षिकेने सहा महिन्यांत ही सवय मोडावी.' तेवढं काम कर. जानेवारीत पुन्हा येईन.

तुझे बाबा आर्वीहून पत्र पाठवत नाहीत. त्यांना म्हणावं, बहीण जिवंत आहे.

तुझी आत्या


सिंदी (रेल्वे),
२४ नोव्हेंबर १९५७

ती. आत्यास नलूचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. कापूस निघाला की निम्मी मुलं वेचायला जातात आणि मी घरोघर फिरून त्यांना आणते. एका आजीने मला सांगितलं, "बाई, थो येडा असन, पन कापूस येचाले शाना हाये. ठेवा तुमची शाळा तिकडेच."

लाल शाईबद्दल रागावले होते, दोन दिवस. मग तुमचं पटलं. आता मी आकडेच लिहिते.

कांताची सवय मोडली. मारलं नाही, तुम्हाला माहीत आहे मला ते जमत नाही. तिच्या बसायच्या जागेपुढे फरशीवर खडूने एक फूल काढलं आणि मोठं माणूस बोलत असेल तेव्हा फुलाकडे बघायचं असं शिकवलं. वर बघितलं की मी हनुवटीला बोट लावून मान खाली करायची. पहिले आठ दिवस तिला वाटलं हा खेळ आहे. हसायची, पुन्हा वर बघायची. मग एकदा तुमचा अहवाल आठवून मी जरा जोरात मान दाबली. त्यानंतर हसली नाही. आता फूल काढावंही लागत नाही. मी वर्गात पाऊल टाकलं की मान आपोआप खाली.

एक सांगायचं होतं. तिची प्रगती मात्र थोडी मागे पडली आहे. आधी सांगितलेलं लगेच करायची, आता दोनदा-तीनदा सांगावं लागतं. पूर्वी भारी बोलकी होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाई, तुमचा मांगचा दात दुखून राह्यला का? तुमी एकीकडूनच बोलून राह्यल्या." खरंच दुखत होता! आता बोलत नाही. सर्दीचे दिवस आहेत, घरी आजी आजारी आहे, त्यामुळे असेल. जानेवारीपर्यंत सुधारेल.

बाबांना तुमचा निरोप कळवला. ते म्हणाले, पत्र पाठवलं तर ती शुद्धलेखन तपासून परत पाठवील.

तुमची
नलू


वर्धा,
१९ जानेवारी १९५८

चि. नलू,

काल सिंदीहून परतले. अहवाल अण्णाजींना पाठवले. तुझी प्रत सोबत. या खेपेस लाल शाई कमी आहे, हे तुझं यश.

एका मुलीचं आधी सांगते, म्हणजे प्रत उघडून तुला धक्का बसायला नको. कांताला मी सहा प्रश्न विचारले. नाव काय, वडील काय करतात, गाईचे पाय किती, आज वार कोणता, पाटी आण, दार लाव. सहाही वेळा ती जमिनीकडे बघत बसली. दार लाव म्हटलं तेव्हा जागची हलली नाही. मी आवाज चढवला तेव्हा मान आणखी खाली. तूच म्हणालीस की घरात आजारपण आहे. आजारपणाने गाईचे पाय विसरत नाहीत.

मी लिहिलं ते असं. 'ग्रहणशक्ती : अत्यंत मंद. लक्ष : नाही. भाषा : उत्तर देत नाही. वर्तन : उत्तम. पूर्वीचा उद्धटपणा गेला. नम्र, मान खाली ठेवते. शेरा : शिक्षणक्षम नाही. जागा मोकळी करावी.'

माझ्यासमोर तुझा चेहरा उतरला होता तो मी पाहिला. गाडीत बसल्यावर मलाही तो चेहरा दोन-तीन स्टेशनं दिसत होता. पण तिच्या जागी तानबाचा मुलगा येईल, त्याला निदान दार लावता येतं. एकाच्या कीवेने दुसऱ्याची जागा अडवायची नाही.

अण्णाजी तुझ्यावर खूष आहेत. कायम नेमणुकीचं बोलत होते. जपून राहा.

तुझी आत्या


सिंदी (रेल्वे),
९ मार्च १९५८

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र शांतपणे वाचा. मी तीनदा लिहून फाडलं आहे.

कांताचं नाव कमी झालं. तिची पाटी वर्गात राहिली होती, ती द्यायला परवा जिनामागच्या वस्तीत गेले. ओट्यावर तिची आजी झोपली होती. आई, कमलाबाई, चुलीपाशी. कांता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शेळीला पाला देत होती. आजी जागी होऊ नये म्हणून कमलाबाई नुसते ओठ हलवून काहीतरी बोलली. आवाज नाही, हात नाही, खूण नाही. कांताने तिकडे पाहिलं, म्हणाली, "आनतो," आणि आतून पाण्याचा पितळी गडवा घेऊन आली.

मी पाटी ओट्यावर ठेवली. कमलाबाईला म्हटलं, तिच्या पाठीमागून हाक मारा. ती हसली. "मांगून हाका मारून काय फायदा, बाई? आयकू नाई येत तिले. चार वर्साची होती तवा ताप आला, तवापासून. पुढे येऊन बोललं का समजते."

मी म्हटलं, शाळेत का नाही सांगितलं?

"कोनी इचारलंच नाई. आमाले वाटलं तुमाले म्हाईत असन. शिकल्यासवरल्या तुमी."

आत्या, फॉर्मात आईबापांना विचारायचा रकाना नाही.

ती टक लावून बघत होती कारण तिचे कान आपल्या तोंडावर होते. तुमच्याही तोंडावर. आणि मी बोटाने तिची हनुवटी खाली दाबून तिचे कान बंद केले. सहा महिने. मग तुम्ही बंद कानांना सहा प्रश्न विचारलेत. माझा दात दुखतोय हे ज्या मुलीने पहिल्या दिवशी ओळखलं ती मंद कशी असेल, हे माझ्या डोक्यात तेव्हा यायला हवं होतं. आलं नाही.

प्रेमदास घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या बोटाचंही. त्याने काढलेली विडी न पेटवता परत खिशात ठेवली. मग म्हणाला, "बाई, आमी नागपूरले जाऊन मान वर केली, त्याले येत्या दसऱ्याले दोन वर्स होतीन. अन् तुमच्या शाळेनं माह्या पोरीची मान खाली करून घरी धाडली." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आता मुद्दा. नागपूरला मुक्या-बहिऱ्यांची शाळा आहे. मी पत्र घालून विचारलं. ओठांवरून बोलणं तिथे रीतसर शिकवतात. पण एक जुलैला ज्याची दहा वर्षं पुरी झाली असतील त्याला घेत नाहीत. कांताला जुलैच्या वीस तारखेला दहा पुरी होतात. म्हणजे हेच एक वर्ष आहे, पुढचं नाही. आणि आधीच्या शाळेचा दाखला लागतो : मुलगी बुद्धीने सामान्य आहे असा, परीक्षक आणि वर्गशिक्षिका दोघींच्या सहीचा, मंडळाच्या शिक्क्यासह. 'शिक्षणक्षम नाही' हा शेरा असेपर्यंत दाखला निघत नाही.

मंडळाची सभा वीस एप्रिलला आहे. त्याआधी तुम्ही अहवाल दुरुस्त करून पाठवा. एवढंच.

नलू


वर्धा,
१५ मार्च १९५८

चि. नलू,

पत्र मिळालं. शांतपणे वाचलं. तू मात्र शांतपणे लिहिलेलं नाहीस.

आई ओठ हलवते आणि मुलगी गडवा आणते, यावरून तू बुद्धी सिद्ध केलीस. घरातल्या माणसांचा इशारा जनावरालाही कळतो. आपल्या आर्वीच्या घरची म्हैस तुझ्या आजीने नुसती मान हलवली की गोठ्यात जायची. तिला आपण शाळेत घातली नाही.

ऐकू येत नसेल, मी नाही म्हणत नाही. पण बहिरी असणं आणि मंद नसणं या दोन गोष्टी आहेत. मी जे पाहिलं ते लिहिलं. कुणाच्या अंगणात काय घडलं त्यावर मी सही करत नाही. आज एक अहवाल मागे घेतला तर उद्या एकतीस वर्षांचे सगळे अहवाल घेऊन लोक माझ्या दारात उभे राहतील.

आणि एक. तुझी नेमणूक अजून कायम झालेली नाही. मंडळाच्या परीक्षकाविरुद्ध तू वस्तीत जाऊन बोलतेस हे अण्णाजींच्या कानावर गेलं तर मी काही करू शकणार नाही.

तुझी आत्या


सिंदी (रेल्वे),
२३ मार्च १९५८

आत्या,

तुमचं म्हशीचं वाक्य मी प्रेमदासला वाचून दाखवलं नाही. तेवढी तुमची अब्रू राखली.

मी दोन्ही प्रती पुढ्यात घेऊन बसले आहे. तुम्हीच शिकवलंत, जे दिसलं ते लिहायचं. मग बघा. जानेवारीत तुम्हाला एकच गोष्ट दिसली : मुलीची मान खाली आहे. तीच गोष्ट 'लक्ष' या रकान्यात 'नाही' झाली आणि 'वर्तन' या रकान्यात 'उत्तम' झाली. एका मानेला दोन शेरे. एकाबद्दल शाबासकी, दुसऱ्याबद्दल हकालपट्टी. ऑगस्टमध्ये ती वर बघत होती तर उद्धट होती. आता तिने बघायचं तरी कुठे? मला सांगा, मी तिला शिकवते. शिकवलेलं ती विसरत नाही, एवढी हुशार आहे.

शाळेत वर्गात पस्तीस मुली तुमच्या तोंडाकडे बघत असत तेव्हा तुम्हाला कधी उद्धटपणा वाटला नाही. मीही त्यांच्यात होते. मग जिनातल्या माणसाच्या पोरीने बघितलं तेव्हाच का वाटला? याचं उत्तर मला नको. तुम्हाला स्वतःला मिळालं तर पुरे.

मी निर्दोष आहे असं म्हणत नाही. बोट माझं होतं. ते मी कुणासमोरही सांगेन, कायम नेमणूक होवो न होवो.

या आणि बघा. सभेला चार आठवडे आहेत.

नलू


वर्धा,
१२ मे १९५८

चि. नलू,

तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, पुढच्या दोन कार्डांनाही नाही. वीस एप्रिलची सभा गेली हे मला माहीत आहे. मी लिहायला बसत होते आणि उठत होते. याहून जास्त कारण देत नाही.

काल रविवारी सकाळच्या गाडीने सिंदीला आले. तुला कळवलं नाही. तू बरोबर असतीस तर मला तुझ्या चेहऱ्याचीही तपासणी करावी लागली असती. वस्तीत विचारत गेले. प्रेमदास दारातच खाट विणत होता. मला बघून उठला नाही. पूर्वी उठला असता. मी तो विचार मनात आला तसा लिहिते आहे, तुला ते बघायचंच होतं ना?

"या मोठ्या बाई," म्हणाला. "तपासाले आल्या का बघाले?"

मी म्हटलं, तपासायला.

"मंग उन्हात काऊन उभ्या? या सावलीत. तपासनीले पानी लागते का?"

मी पाणी घेतलं. तो बघत होता मी पिते का. प्यायले. गडवा परत देताना म्हणाला, "एवढं तं पास झालं." त्याची बायको आतून हसली. मला हसू आलं नाही.

कांताला समोर बसवलं आणि मीच विचारायला लागले. मान खाली. पुन्हा विचारलं. मान आणखी खाली. प्रेमदास म्हणाला, "तुमाले पाह्यलं का तसंच करते थे. शाळेतल्या बाया पाह्यल्या का मुंडी खाली. आता मी इचारतो." मग मी प्रेमदासच्या कानात एकेक प्रश्न सांगितला, जानेवारीचेच सहा, आणि त्याने आवाज न करता नुसत्या ओठांनी तिला विचारले. ती त्याच्याकडे बघून बोलत गेली. नाव. वडील जिनात. पाय चार. वार रविवार, वर म्हणाली, "म्हनून तं तू घरी हायेस." पाटी आणली. दार लावलं. दार लावताना मी उंबऱ्यात होते, माझ्या पायाला लागू नये म्हणून थांबली, मी सरकले, मग लावलं.

मी आणखी एक विचारायला सांगितलं, मी कोण. ती माझ्याकडे न बघता बापाला म्हणाली, "थ्या लिवनाऱ्या बाई."

सहापैकी सहा. मी दुरुस्त अहवाल लिहिला आहे, सोबत पाठवते. मजकूर असा :

'सदर मुलीस ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या ओठांवरून ती बोलणे समजून घेते. वर्गशिक्षिकेने नजर खाली ठेवण्याची सवय लावल्यामुळे जानेवारीच्या तपासणीत तिची बुद्धी प्रकट होऊ शकली नाही. मुलगी बुद्धीने सामान्य व शिक्षणक्षम आहे. मागील शेरा रद्द समजावा.'

तुझी सही करून अण्णाजींकडे दे.

तुझी आत्या


सिंदी (रेल्वे),
१६ मे १९५८

आत्या,

अहवाल मिळाला. तुमच्या हातून तो निघाला याची किंमत मला कळते.

तिसरं वाक्य मी पुष्कळ वेळा वाचलं. त्यात खोटा एकही शब्द नाही. सवय मी लावली. ती लावायला लेखी कुणी सांगितलं, ते मात्र त्या वाक्यात नाही. तुम्ही एवढ्या वर्षांत कुणाच्याही कागदात अर्धं वाक्य चालू दिलं नाहीत.

दुसरा मसुदा मागवला असता. पण तुम्ही उत्तर द्यायला सात आठवडे घेता आणि माझ्याकडे तेवढे नाहीत. म्हणून सही केली. अण्णाजींच्या घरी स्वतः नेऊन दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तुम्हीच केलं, नलूताई?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग सभेपुढे ठेवावं लागेल. सभा बसल्याशिवाय शिक्का नाही." पुढची सभा सहा जुलैला. नागपूरची मुदत एक जुलै.

आता एकच मार्ग आहे. तुम्ही अण्णाजींना भेटून सभा जूनमध्ये घ्यायला लावा. ते तुमचा शब्द मोडत नाहीत. मात्र घाई कशाची असं ते विचारतील, आणि तेव्हा तुम्हाला सगळं सांगावं लागेल, ऑगस्टपासून. मी हात जोडते. माझ्यासाठी नाही. माझ्याबद्दलचं वाक्य तसंच राहू द्या हवं तर. फक्त सभा अलीकडे आणा.

नलू


वर्धा,
३ ऑगस्ट १९५८

चि. नलू,

तू पत्र लिहीत नाहीस. मीच लिहिते.

अण्णाजींना मी भेटले नाही. कार्ड टाकलं होतं, 'शक्य असल्यास सभा लवकर घ्यावी.' ते लग्नासाठी अमरावतीला होते. परत आल्यावर त्यांनी कार्डाचं उत्तर दिलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. शक्य असल्यास, हे शब्द मी कुणाच्या अहवालात कधी चालू दिले नसते.

सहा जुलैच्या सभेला मी हजर होते. दुरुस्ती वाचली गेली. मंडळाचे सभासद रामाजी सावकार यांनी विचारलं, मुलीला मान खाली घालायला लावली कुणी? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अहवालात लिहिलं आहे." मग तुझ्या नेमणुकीचं निघालं. अण्णाजी म्हणाले, बाई तुमची भाची, तुम्हीच शेरा लिहा, म्हणजे कुणी पक्षपात म्हणणार नाही. मी लिहिलं : 'कष्टाळू, आज्ञाधारक. अनुभव कमी.' त्या शेऱ्यावर तुझं नाव कमी झालं.

शिक्का मिळाला तो दाखला घेऊन मी स्वतः नागपूरला गेले, दहा जुलैला. तिथे एक कारकून होता, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने दाखला वाचला, जन्मतारीख बघितली, नियमाचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. मुलांची नावं एक जुलैला पक्की झाली होती. मी म्हटलं, नऊच दिवस झाले आहेत, मुलीची दहा वर्षं अजून पुरी व्हायची आहेत. तो म्हणाला, "बाई, आज तुमच्यासाठी पान बदललं तर उद्या सगळे येतील." मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. म्हटलंच होतं.

पुढच्या वर्षी ते तिला घेणार नाहीत.

वर्ध्याला ये. इथल्या कन्याशाळेत जागा निघते आहे. मी तुला शिफारसपत्र देईन, आणि अण्णाजींना ऑगस्ट सत्तावन्नच्या अहवालाचं सगळं लिहीन. लिहिते आहेच. कालपासून दोन ओळी झाल्या.

अण्णाजींनी माझी परीक्षक म्हणून नेमणूक आणखी दोन वर्षांनी वाढवली आहे. मी होकार-नकार अजून कळवलेला नाही.

तुझी आत्या


सिंदी (रेल्वे),
१७ ऑगस्ट १९५८

ती. आत्यास,

शिफारसपत्र नको. तुमच्या शेऱ्यावर मी एकदा नोकरीला लागले आणि एकदा सुटले, तेवढं बस. अण्णाजींना लिहायचं असेल तर लिहा. पण ते माझ्यासाठी लिहिता आहात असं मनात आणू नका. मला आता त्याचा उपयोग नाही आणि कांतालाही नाही. तुम्हाला झोप लागावी म्हणून लिहीत असाल तर ते तरी खरं कारण आहे. नेमणूक घ्यायची की नाही, तेही मला विचारू नका.

मी सिंदीतच आहे. बाबांनी आर्वीला बोलावलं आहे, दिवाळीपर्यंत येणार नाही असं कळवलं. दिवसा पोलकी शिवते. संध्याकाळी प्रेमदासच्या अंगणात जाते. मी विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला होता, "आता काऊन आल्या? काय उरलं इथं बिघडवाले?" मी म्हटलं, मला शिकवू द्या. तो म्हणाला, "कागद नाई करनार?" मी म्हटलं, एकही नाही. कमलाबाईने पाट मांडला. त्याने तो उचलला नाही.

नागपूरच्या शाळेत काय शिकवतात ते मला ठाऊक नाही. मी अक्षरं शिकवते, बेरीज शिकवते. पाटीवर लिहून दाखवलेलं एकदाच बघते आणि बरोबर करते. नव्वदपर्यंत उलटे आकडे म्हणते. पण पाटीवरचंच. मी बोललेलं तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण मी तोंड उघडलं की तिची मान खाली जाते. मी हनुवटीला बोट लावून वर उचलते तर डोळे मिटून घेते. त्या बोटाला ती ओळखते. म्हणून आता हात लावत नाही. समोर बसून नुसती बोलत राहते, गाई, कापूस, शेळी, काहीही. ऐकणारं कुणी नसतं.

आईकडे बघते, बापाकडे बघते, रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीवाल्याच्या तोंडाकडेही बघते आणि तो काय म्हणाला ते आईला सांगते. माझ्याकडे अजून बघत नाही.

तुम्ही येऊ नका.

नलू